कुणालाही सुचेल असं संयुग

माझा व्यवसाय सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. पेटंट एजंट म्हटलं की गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना वाटतं, मी विम्याचं काहीतरी करते. एकीने तर चक्क मुलाची पॉलिसी आणून माझ्या हातात ठेवली होती. मग मी सांगते, एखाद्याने नवीन काही शोधलं तर ते त्याचंच आहे हे सरकारकडून मान्य करून घ्यायचं, हे माझं काम. "म्हणजे वकील?" "तसंच काहीसं." "मग कोर्टात जातेस?" "नाही गं बाई, सगळं कॉम्प्युटरवरच चालतं." इथे त्यांचा रस संपतो आणि भाज्यांचे भाव सुरू होतात.

सरांचं प्रकरण मात्र मी कुणालाही सांगू शकते, कारण ते समजायला रसायनशास्त्र लागत नाही. सर म्हणजे मला बीएस्सीला शिकवणारे सर. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा थाटली आणि झेरॉक्सच्या ड्रमचा ध्यास घेतला. झेरॉक्स मशीनच्या आणि लेझर प्रिंटरच्या पोटात एक चकचकीत नळकांडं असतं, तो ड्रम. त्याच्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि त्या थरात एक संयुग विरघळवलेलं असतं. उजेड पडला की विजेचा भार त्या संयुगातून सरकतो, आणि काळी पूड कुठे चिकटायची हे त्यावरून ठरतं. अक्षरं उमटतात ती अशी. पण काही महिन्यांनी हे संयुग थरात कण धरायला लागतं, थंडीत तूप रवाळ होतं तसं. मग प्रत्येक कागदावर ठिपकेच ठिपके. सरांनी त्या रेणूला एका विशिष्ट जागी अणूंचा एक जाडजूड गट जोडला आणि कण धरणं थांबलं. सांगायला एवढंच. करायला त्यांना निवृत्तीनंतरची बहुतेक सगळी वर्षं लागली.

सातपूरचा, असे ड्रम बनवणारा एक कारखानदार हे संयुग वापरायला तयार होता, पण पेटंट मिळालं तरच. आणि सरांनी घरात जाहीर करून टाकलं होतं की पेटंट नाकारलं तर मागची खोली कायमची बंद. वय झालं, हात थरथरतात, रसायनांचा वास घरभर फिरतो, आता पुरे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "त्या वासाने माझं डोकं दुखतं, खोटं कशाला बोलू? पण ती खोली बंद झाली ना, तर हा माणूस खुर्चीत बसेल आणि उठणारच नाही. वास परवडला गं मला."

आम्ही अर्ज केला, आणि पेटंट कार्यालयाच्या तपासणीचा पहिला अहवाल आला तो अपेक्षेप्रमाणेच वाईट. या कुळातली संयुगं आधीपासून माहीत आहेत. एका जुन्या जपानी पेटंटमधलं संयुग आणि तुमचं संयुग यांत फक्त एका गटाचा फरक. त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला हा फरक सहज सुचला असता, म्हणून हा शोध मानता येत नाही. हे असं लिहून येतंच. आम्ही उत्तर दिलं, आणि मग सुनावणी लागली.

सुनावणी व्हिडिओवर होती, माझ्या ऑफिसातून. सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कॅमेऱ्यासमोर हात जुळवून बसले, जणू त्यांनाच बघायला पाहुणे येणार होते. मी त्यांना बजावलं, "सर, विचारतील तेवढंच सांगायचं." "हो हो," सर म्हणाले. पलीकडच्या अधिकारी बाई शांत, अदबशीर होत्या. माझं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. गाडी बरी चालली होती. मग त्यांनी सरांनाच विचारलं, "गट नेमका या जागी जोडावा, हे तुम्हाला कसं सुचलं?"

सर हसले. तेच हसू, जे एखाद्या विद्यार्थ्याने त्यांचे आभार मानले की यायचं. म्हणाले, "त्यात माझं विशेष काही नाही हो, मॅडम. साधी गोष्ट आहे. रसायनशास्त्र येणाऱ्या कुणालाही सुचेल."

मी टेबलाखालून त्यांच्या खुर्चीला लाथ मारली. हो, सरांच्या खुर्चीला. पण बाण सुटला होता. पलीकडे टाईप केल्याचा आवाज आला. मी घाईघाईने म्हणाले, "मॅडम, सर विनयाने बोलताहेत." त्यावर बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "काय असेल ते लेखी म्हणण्यात मांडा." आणि स्क्रीन काळी झाली.

"सर, काय केलंत हे!"

"काय केलं? एवढ्या अदबीने विचारत होत्या त्या. समोर बसून स्वतःचीच टिमकी वाजवू?"

"वाजवायचीच होती! त्यासाठीच तर बसलो होतो आपण. जाणकाराला सहज सुचेल त्याला पेटंट नाही, हा कायदा आहे सर. नेमकं तेच वाक्य तुम्ही त्यांच्या ओंजळीत टाकलंत."

सरांचा चेहरा पडला. मला त्यांच्यावर ओरडल्याचं वाईट वाटलं, आणि राग तर गेलाच नव्हता. आमच्याकडे ही पिढीच अशी. कुणी कौतुक केलं की अंगावर झुरळ पडल्यासारखं झटकायचं. लेख छापून आला की संपादकांची कृपा, विद्यार्थी पहिला आला की त्याचीच मेहनत. लग्नाच्या पंगतीत हे शोभतं. पेटंटच्या सुनावणीत काय करायचं त्याचं?

लेखी म्हणण्याला थोडे दिवस मिळतात. मी सरांच्या नावाचं प्रतिज्ञापत्र तयार केलं. कोणकोणते प्रकार करून पाहिले, कोणते फसले, सगळं सरांकडून फोनवर वदवून घेतलं. शेवटचं वाक्य माझं होतं: ही रचना या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घेऊन त्यांच्याकडे गेले. सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं, एका तापमानाचा दशांश सुधारला आणि पेनाला टोपण लावलं.

"यावर मी सही करणार नाही."

"का?"

"इतर जाणकारांचं मी कोण सांगणार? तिकडे जपानमध्ये केवढी मोठी माणसं बसली आहेत. त्यांना सुचलं नसतं, हे मी शपथेवर कसं लिहू?"

खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, "मग खोली बंद?"

"ठरलंय ना तसं," सर म्हणाले. आवाज चढला नाही, उतरला नाही. फक्त ते आपल्या हातांकडे बघत बसले.

काकू तिथेच खाली मेथी निवडत बसल्या होत्या. त्या वणीकडच्या. एरवी अगदी शहरी बोलतात, पण चिडल्या की माहेरची भाषा वर येते. त्यांनी हातातली जुडी दाणकन परातीत टाकली.

"कुणालाही सुचंल म्हणं! लय सोपं व्हतं ना? मग इतकी वर्सं त्या खोलीत काय करत व्हते तुम्ही? जेवण गार व्हायचं, हाका मारू मारू माझा घसा बसायचा. सोपं व्हतं तर मग काय करत व्हते?"

सरांनी चष्मा काढून पेनाशेजारी ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "सुचत नव्हतं गं."

"आँ?"

"सुचतच नव्हतं. त्या जागी गट लावला की विजेचा भार अडतो, असं सगळेच मानतात. मी वर्गातही तेच शिकवलं. म्हणून ती जागा सोडून बाकीच्या सगळ्या करून पाहिल्या. एकेक फसत गेली. शेवटी करण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा ती करून पाहिली. आणि भार अडला नाही! इतकं साधं निघालं, की आपल्याला इतका वेळ लागला याचीच मला लाज वाटली. त्या बाईंनी विचारलं तेव्हा तीच लाज आठवली."

अरे देवा! आम्ही इतके दिवस ज्याच्यासाठी डोकं फोडत होतो ते हे होतं, आणि सर ते लाज म्हणून लपवून बसले होते.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही या क्षेत्रातले जाणकार आहात की नाही?"

"म्हणजे, थोडंफार…"

"आहेत, आहेत," काकू म्हणाल्या. "पुढं बोल तू."

"मग जपानमधल्यांचं राहू द्या. स्वतःचंच लिहा. मी जाणकार आहे, आणि तरी मला इतकी वर्षं हे सुचलं नाही, कारण सगळे जे मानतात तेच मीही मानत होतो."

सरांचा चेहरा उजळला. "हे लिहिता येईल. हे खरं आहे." त्यांनी टोपण काढलं आणि स्वतःच्या हाताने लिहायला बसले. स्तुतीला अडखळणारा माणूस स्वतःला नावं ठेवताना काय सुटला म्हणून सांगू! शेवटी मलाच लगाम घालावा लागला. "सर, 'मंदबुद्धी' हा शब्द काढा. जाणकार पाहिजे आपल्याला."

काही महिन्यांनी आदेश आला. पेटंट मंजूर. अधिकारी बाईंनी लिहिलं होतं की ज्या समजुतीने खुद्द संशोधकालाच त्या जागेपासून इतका काळ दूर ठेवलं, ती बघता ही रचना सहज सुचणारी म्हणता येत नाही. सुनावणीतल्या त्या वाक्याचाही उल्लेख होता. 'नंतर सोपं वाटणं' आणि 'आधी सुचणं' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं त्यांनी म्हटलं होतं. मी मनातल्या मनात त्या बाईंना नमस्कार केला.

त्याच आठवड्यात सातपूरचे कारखानदार पेढे घेऊन सरांकडे आले. मीही होते. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि तो वास नेहमीसारखा बैठकीपर्यंत आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर ते गृहस्थ सहज म्हणाले, "सर, मूळ कल्पना कुणाची हो ही?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. आता सर जपान्यांचं नाव घेणार, नाहीतर विद्यार्थ्यांचं, नाहीतर सरळ देवावर ढकलून मोकळे होणार.

"वेळ फार लागला," सर म्हणाले. मग घसा साफ केला. "पण सुचलं ते मला. मलाच सुचलं."

आणि काहीतरी चारचौघांत बोलू नये ते बोलून गेल्यासारखे लाजले. माझे डोळे भरून आले. काकूंच्या हातातला पेढा हातातच राहिला होता.

"ऐकलंस ना गं?" त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या. "नीट ऐकून ठेव. पुन्हा नाही म्हणायचा हा माणूस."