शेजारच्या काकांची खात्रीची कंपनी

आमच्या कॉव्हेंट्रीच्या गल्लीतल्या शेजारच्या काकांइतका पारखून हरणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात सापडायचा नाही. मुलीसाठी स्थळ बघताना केली नसेल एवढी चौकशी त्यांनी बेटिंग कंपनी निवडताना केली. लायसन्स आहे ना, भाव बरा देतात ना, जिंकलेले पैसे काढताना तंगवत नाहीत ना! आणि शेवटी पत्करली कुठली, तर फोनवर 'सर' म्हणणारी. दर शनिवारी मॅचच्या आधी कंपनीतली एक मुलगी फोन करायची, तब्येत विचारायची, वर एखादी बेट फुकट द्यायची. काका तो फोन उभे राहून घेत. एका दिवाळीला चिवडा पाठवायला त्यांनी तिचा पत्ता मागितला. तिनं गोड बोलून टाळला. "संकोची आहे हो पोर," काका म्हणाले.

एकदा मी चिडून म्हटलं, "काका, आमच्या ऑफिसातला एक जण सारखा जिंकायला लागला, तर कंपनी त्याला चिल्लरच्या वर लावूच देईना. जिंकणाऱ्याला हाकलतात आणि हरणाऱ्याचे जावयासारखे लाड करतात. तुमचं लिमिट कधी कमी केलंय?"

"कध्धीच नाही!" काका छाती फुगवून म्हणाले. "विश्वास आहे त्यांचा माझ्यावर."

कपाळ माझं! म्हातारपणासाठी ठेवलेलं सगळं त्या विश्वासात गेलंय, हे काकूंना त्याच आठवड्यात कळलं. "हे सुटेपर्यंत मी येणार नाही," एवढंच बोलून त्या ग्लासगोला मुलीकडे निघून गेल्या.

मग "हे बंद करून दे" म्हणत काका आपणहून माझ्याकडे आले. इथे एक सोय आहे: एकदा नाव नोंदवलं की देशातल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्या तुम्हाला दार बंद करतात. शेवटचं बटण दाबायच्या आधी काका थांबले. "त्या मुलीला कळवतील ना रे, मी बरा आहे म्हणून? उगीच काळजी करेल." मला हसू येईना. फार वाईट वाटलं.

आता शनिवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसतो. टीव्हीवर मॅच चालू असते. काका मध्येच विचारतात, "लोक हे नुसतंच बघतात होय रे?"

परवा मॅच चालू असतानाच काकूंचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. "लावतायत का अजून?"

"नाही काकू. नुसते बसलेत."

मग हळूच म्हणाल्या, "जेवलेत का विचार."

"काकू विचारतायत, जेवलात का," म्हणत मी फोन काकांच्याच हातात दिला. "नाही गं," ते उभे राहून म्हणाले.