शनिवारचं तेल

नव्या चेनसॉनं बाभळीचं वाळकं खोड कापताना आज जळक्या लाकडाचा वास आला. चेनला सोडायचं तेल संपलं होतं. मशीन बंद केली, तरी वास रेंगाळत राहिला आणि मला कितीतरी वर्षं मागं घेऊन गेला.

याच मळ्यात, राहुरीजवळ, दादांनी म्हणजे वडिलांनी कुणाची तरी जुनी चेनसॉ आणली होती. सकाळभर खोलून, घासून ती चालू केली आणि बांधावरच्या चिंचेला लावली. चिंचेच्या सावलीत ऊस वाढत नव्हता. आईची मात्र रोजची दुपार तिथंच जायची. भुसा उन्हात सोन्यासारखा तरंगत होता. चार बोटं आत गेल्यावर चेन धुरावली आणि अडकली.

"तेल घिऊन येतो," दादा म्हणाले.

भाकरी घेऊन आलेली आई म्हणाली, "आज शनिवार हाय. शिंगणापूर एवढं जवळ, अन् शनिवारी तेल इकत आनता व्हय?"

दादा थबकले. पुढं ऊसतोड आली आणि ते काम राहूनच गेलं.

चिंचेची ती खाच सालीनं आता मिटत आणलीय. तिच्याच सावलीत बसून मी टाकीत तेल ओततोय आणि मला हसू येतंय. आमच्या गावचा बाजार शनिवारचा. आठवड्याचं गोडेतेल आई त्याच बाजारातून आणायची.