टेकडीवरचा अकरावा

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही हो, ते कचऱ्यासारखे आपोआप साठतात. आणि जपानमध्ये कचरा टाकायचासुद्धा वार ठरलेला, त्यामुळे माझ्याकडचे हे इतकी वर्षं तसेच पडून आहेत! आयटीवाल्यांची मोठी लाट जपानात आली, तेव्हा आम्ही कावासाकीत होतो. मी, बायको मुग्धा आणि वरच्या मजल्यावर माझा टीममेट बापट. तळमजल्यावर घरमालकीण हायाशी-सान, सत्तरीला टेकलेल्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. बिल्डिंगच्या मागे टेकडी. खरं तर हे किस्से आमचे नाहीतच, त्या टेकडीवर पडलेल्या विमानाचे आहेत.

*

बापटनं कोथिंबीर लावायला मागची जमीन खणली, तर वीतभर पत्रा निघाला. पठ्ठ्यानं तो धातूच्या कचऱ्याच्या वारी टाकून दिला. संध्याकाळी पत्रा दारात हजर! धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळलेला. शेजारी हायाशी-सान.

"हा कचरा नाही. विमान आहे."

युद्धाच्या शेवटच्या वर्षी एक अमेरिकन बॉम्बर टेकडीवर कोसळलं होतं. दहा प्रेतं सापडली. गावानं ती तिथंच पुरली आणि वर एक दगड उभा केला.

बापट भेदरला, पण त्याच्या डोक्यात एकच. "मग हे टाकायचं कुठल्या वारी?"

"साठ वर्षं झाली," हायाशी-सान म्हणाल्या, "आम्हालाही अजून कळलेलं नाही."

*

सत्यनारायणाच्या शिऱ्याला मुग्धाला मोठं पातेलं हवं होतं. हायाशी-साननी दिलं. हातात घेतलं तर अगदीच हलकं! पण शिरा काय झाला म्हणून सांगू! त्यांना प्रसाद द्यायला मुग्धा खाली गेली आणि चेहरा पाडून परत आली. युद्धात घरातली भांडीकुंडी सरकारनं शस्त्रांच्या धातूसाठी नेली होती, म्हणून गावकऱ्यांनी विमानाच्या पत्र्याची भांडी ठोकून घेतली होती. त्यातलंच हे एक.

बापटच्या हातात तोवर दुसरी वाटी. "वहिनी, अहो... माणसं होती ना त्यात?"

"खा गुपचूप. प्रसाद आहे!"

बापटनं खाल्ला. डोळे मिटून.

*

हाच बापट टेकडीवरच्या पायवाटेनं स्टेशन गाठायचा, दहा मिनिटं वाचायची. एके दिवशी अचानक खालच्या रस्त्यानं जायला लागला. "व्यायाम रे!" म्हणे. दोन महिन्यांनी लंचला खरं बोलला. सकाळी साडेसातला, लख्ख उन्हात, मागून कोणीतरी शिट्टीवर गाणं वाजवत येत होतं. बापट सभ्य माणूस, वाट द्यायला बाजूला झाला. शिट्टी त्याच्या शेजारून पुढे निघून गेली. माणूस नव्हताच.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार! ऑफिसची सवय. वाकून 'ओहायो गोझाइमास', गुड मॉर्निंग म्हटलं."

आम्ही हसलो. पण त्यानंतर मीही खालच्याच रस्त्यानं जायला लागलो.

*

दर मे महिन्यात हायाशी-सान त्या दगडापुढे दहा ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, ठेवायच्या. एका वर्षी त्यांचा पाय मोडला आणि काम मुग्धाकडे आलं.

"दहा?" मुग्धा मला म्हणाली. "नैवेद्याचे मोदक कधी दहा केलेत कोणी? अकरा करते."

मी अकरा नेऊन ठेवले आणि डिजिटल कॅमेऱ्यात फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी मोजले. पुन्हा मोजले.

"अकरावा तुम्हाला कोणी सांगितला?"

मुग्धा समजावत राहिली, आमच्याकडे अकरा शुभ असतात, चुकलं आमचं. त्या ऐकतच नव्हत्या. "मी कोणालाच सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. विमान पडलं त्या सकाळी कोळशाच्या भट्टीमागे त्यांना एक गोरा सैनिक बसलेला दिसला. घामानं निथळत होता, दात वाजत होते. त्यानं खुणेनं पाणी मागितलं. त्यांनी ओंजळीनं पाजलं. आणि घरी जाऊन वडिलांना सांगितलं.

गावातली माणसं बांबूचे भाले घेऊन वर गेली. परत आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "तिथं कोणी नव्हतं." पोरीचा विश्वास बसला नाही. आपण बोललो म्हणून त्याला मारलं, हे मनाशी धरून ही बाई साठ वर्षं जगली.

बापटनं इंटरनेट पालथं घातलं. त्या विमानातल्या लोकांच्या घरच्यांनी चालवलेली एक वेबसाइट सापडली. मुग्धानं मेल लिहिला: अकराव्याचं काय झालं? तीन आठवड्यांनी एका अमेरिकन बाईंचं उत्तर आलं. सोबत जुना फोटो, विमानापुढे उभे अकरा जण.

मेलमध्ये काय आहे ते आम्ही हायाशी-सानना आधी सांगितलं नाही. नुसता फोटो पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि जराही न थांबता डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा."

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं एकेक ओळ जपानीत सांगत मेल वाचला. त्या दिवशी विमानात दहाच जण होते. डावीकडून तिसरे म्हणजे त्या बाईंचे वडील. ते समुद्रापलीकडच्या बेटावर, तळावरच्या दवाखान्यात तापानं फणफणत पडले होते. विमानात चढलेच नव्हते. युद्ध संपल्यावर घरी गेले, लग्न केलं, आणि म्हातारे होऊन गेल्याच हिवाळ्यात वारले.

बापट खुर्चीतून उठून उभाच राहिला.

हायाशी-सान मात्र फोटोकडेच बघत होत्या. "घरी पोचला ना?"

"हो, पोचले."

"मुलंबाळं?"

"तीन."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. साठ वर्षं ताठ राहिलेला त्यांचा चेहरा सैल झालेला आम्ही पाहिला.

"माझ्या हातून," त्या म्हणाल्या, "पोटभर पाणी प्यायला होता."