टोपी काढली की थांबायचं

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्टेजच्या मागच्या बाजूनं, पाठमोरं. स्टेजवर पुढारी बोलत होते आणि हा माईकवाला त्यांच्याकडं पाठ करून, मशीनशेजारी मांडी घालून खुशाल लोकांची तोंडं बघत बसलेला. मला वाटलं, काय उद्धट माणूस आहे! पुढं ओळख झाल्यावर विचारलं, तर म्हणाले, "बोलणाऱ्याकडं काय बघायचं? त्यो माझ्या वायरीतनंच चाललाय. भाषण लागलं का न्हाय, ते सतरंजीवर दिसतं."

काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत आबांचा कर्णा वाजला नाही असा मांडव सापडायचा नाही. आमच्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद असतात, आणि ते काही लवकर आटपत नाहीत. भवानीनगरजवळच्या एका लग्नात असेच एक साहेब नवरा-नवरीला आशीर्वाद देता देता उपसा सिंचनावर घसरले. मुहूर्त टळायला आला, भटजी घड्याळ दाखवून दमले, नवरी घामानं निथळली. मंडळी खोकायला लागली तसा आबांनी वायरीला एक हिसका दिला. आवाज गप्प! "वायर हालली, सायेब," आबा हात जोडून म्हणाले. तेवढ्यात भटजींनी बिनमाईकचीच मंगलाष्टकं सुरू केली. दुसऱ्या मंगलाष्टकाला वायर आपोआप जागेवर आली.

पुढं बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि मला सरपंच केलं. उपसरपंच नानासाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, तुमी फकस्त नमस्कार करा. बोलायचं आमी बघतो." आमच्या ह्यांनीही मान डोलावली. असा संताप आला म्हणता! पण माईक समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटायची, हेही खोटं नव्हतं. ग्रामसभा तोंडावर आली होती. तिथं बोलले नसते तर पाच वर्षं नमस्कारच करत बसले असते. गेले सरळ आबांकडं.

"जमंल की," आबा म्हणाले. "आधी सांग, काल डेअरीत पारूबाई काय म्हणत हुती?"

"म्हशीचं काहीतरी."

"काहीतरी म्हंजे तू ऐकलंच न्हाईस. जा, ऐकून ये. मग बोलायचं बघू."

आता घ्या! गावची सरपंच, आणि चाललेय किटली घेऊन पारूबाईच्या मागं रांगेत उभी राहायला. चार दिवस गप्प ऐकलं तेव्हा कळलं, तिचं गाऱ्हाणं म्हशीचं नव्हतंच. खालच्या वस्तीला नळ नव्हता. सुनेला दिवस गेलेले आणि तरी ती पोर कॅनॉलवरून हंडे वाहत होती. मला माझीच लाज वाटली. रोज शेजारी उभी असायची की ती!

मग आबांनी मला खळ्याच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले. खुणा ठरल्या. त्यांनी कानाला हात लावला की मी मोठ्यानं बोलायचं. उपरणं खांद्यावरून मांडीवर घेतलं की सावकाश. "आन् टोपी काढली की थांबायचं. तोंडात असंल ते गिळायचं आन् नमस्कार करायचा. थांबणं जमलं की निम्मं जमलं."

ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं. आबा नेहमीसारखे लोकांकडं तोंड करून. मी उठून बोलायला लागले. उपरणं खाली आलं, सावकाश झाले. कानाला हात गेला, आवाज चढवला. आता पारूबाईच्या सुनेचं सांगायचं म्हणून दम घेतला आणि म्हणाले, "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे..."

आबांनी टोपी काढली.

मी "जय हिंद" म्हणून खाली बसले.

कोणी खोकेना की हलेना. मग मागून एक जण ओरडला, "आवं, काय महत्त्वाचं? सांगा की!" दुसरा म्हणाला, "सांगितल्याबिगर आमी उठत न्हाय!" नानासाहेब लगबगीनं माईककडं आले तर लोक म्हणाले, "तुमी बसा ओ, बाईंना बोलू द्या." एवढ्यात पारूबाईच ताडकन उठली. "आरं, मी सांगती काय म्हत्त्वाचं ते!" आणि काय बोलली हो ती! मी फक्त "अजून काय, पारूबाई?" म्हणत ऐकत राहिले. नळाचा ठराव त्याच सभेत झाला आणि त्यावर सही मी केली, नानासाहेबांना न विचारता.

सभा सुटल्यावर पळतच आबांकडं गेले. "आबा, इतक्या नेमक्या वेळी टोपी काढायचं सुचलं कसं?"

आबा डोकं खाजवत होते. "टोपी व्हय? आगं, मुंगी शिरली हुती!"

ही मुंगी मी गावभर सांगितली. त्यानंतर कुणी फार बोलायला लागलं की लोक म्हणायचे, "आबा, टोपी काढा."

दोन-तीन वर्षांनी आबा गेले. दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं लांबली, लोक खोकायला लागले. आबांचा थोरला बाळू, एमआयडीसीत कामाला असणारा, त्या दिवशी बापाच्या मशीनशेजारी बसला होता, बोलणाऱ्यांकडं पाठ करून. त्याची पाठ बघूनच मला हुंदका आला. शेवटी माझी पाळी आली. "आबांनी मला बोलायला शिकवलं," मी म्हणाले. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे..."

ऊन मी म्हणत होतं. बाळूनं टोपी काढली आणि नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरचा घाम पुसला.

मी थांबले. नमस्कार केला आणि खाली बसले.

मग पारूबाई फिस्सकन हसली आणि सगळा घाट हसायला लागला. आबांची मालकीण तोंडाला पदर लावून हसत होती, डोळे पुसत होती. मागून कुणीतरी ओरडलंच, "आवं सरपंच, काय महत्त्वाचं? सांगा की!"

सांगते कशी? टोपी निघाली होती.