शेजारच्या वर्गाच्या बाई

माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाईंइतका अवघड चांगुलपणा मी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणात पाहिला नाही. चांगली माणसं तशी पुष्कळ भेटतात, पण त्यांच्या चांगुलपणाला अधूनमधून सुट्टी असते. बाईंच्या चांगुलपणाला रविवारसुद्धा नव्हता. उलट त्या दिवशी तो जास्तच जोरात असायचा. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेत त्या तिसरी शिकवायच्या आणि मी चौथी. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची पातळ भिंत होती, त्यामुळे माझ्या मुलांना एकाच वेळी दोन शिक्षक लाभले होते. बाई मूळच्या जालन्याकडच्या, ख्रिस्ती. नवरा पांडेसऱ्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होता. तो गेल्यावरही त्या गावी परतल्या नाहीत. मूलबाळ नव्हतं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र कापडाच्या लूमच्या खडखडाटावरही ऐकू जाईल असा. असा आवाज असून त्यांनी तो कधी मुलांवर ओरडायला वापरला नाही, ही आम्हा बाकीच्या मास्तरांच्या मते निव्वळ उधळपट्टी होती.

त्यांची सगळ्यात गैरसोयीची सवय म्हणजे खरं बोलणं. एकदा गाइडं विकणारा माणूस आला, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी बाईंना सांगितलं, त्याला सांगा मी बाहेर गेलोय. बाई गेल्या आणि अत्यंत नम्रपणे त्याला म्हणाल्या, "सर आत आहेत, पण तुम्हाला भेटायची त्यांची इच्छा नाही. तुम्ही उन्हातून आलात, पाणी घ्या." त्यानं पाणी घेतलं आणि सरळ आत जाऊन मुख्याध्यापकांसमोर बसला. रजा हवी असली की आम्ही सगळे पोट दुखवून घ्यायचो. बाईंनी अर्जात लिहिलं की मन लागत नाही, आज घरी बसावंसं वाटतं. ही रजा कुठल्या सदरात घालायची यावर मुख्याध्यापकांनी बराच विचार केला आणि शेवटी त्यांच्या वतीनं स्वतःच पोटदुखी लिहून टाकली.

स्टाफरूममध्ये त्यांच्यामुळे गप्पांची फार पंचाईत व्हायची. गैरहजर माणसाचं नाव निघालं, की बाई उठून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या. आम्ही चिडायचो, कारण त्या उठल्याशिवाय आपण कुणाची निंदा करतोय हे आम्हाला कळायचंच नाही. डबा उघडला की डोळे मिटून त्या प्रार्थना करायच्या, तीही लांबलचक. त्यात मुलांची नावं यायची, वर्गातला कुरकुरणारा पंखा यायचा, मिलमधून दमून येणारे आईबाप यायचे. तेवढ्यात मी त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवायचो. पुढे पुढे डब्यात चटणी दुप्पट यायला लागली.

पण मला खरं आश्चर्य वाटायचं ते भिंतीपलीकडून येणाऱ्या माफीचं. फळ्यावर स्वतःचं गणित चुकलं, एखाद्या मुलाला उगाच बसवून ठेवलं, की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्या मोठ्या आवाजात सगळ्या वर्गादेखत त्या पोराची माफी मागायच्या. माझ्या वर्गातली पोरं ते ऐकून माझ्याकडे आशेनं बघायची. मी फळा पुसायला लागायचो. असं केल्यानं मुलं डोक्यावर बसतील असं मी त्यांना एकदा म्हणालो. त्या म्हणाल्या, "बसू देत की. प्रभूनं लेकरांना जवळ येऊ द्या म्हणून सांगितलंय. किती जवळ, ते कुठं सांगितलंय?"

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, शिरपूरकडच्या लूम कामगाराची. चुणचुणीत, प्रश्न विचारण्यात पटाईत. शिकवायला सुरुवात करण्याआधी बाई फळ्याकडे तोंड करून क्षणभर डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. ते पाहून तिनं विचारलं, बाई, तुम्ही कुणाशी बोलता? बाईंनी सांगितलं, येशूशी. काय बोलता? तर आज मला कुणावर चिडू देऊ नको, असं म्हणते. प्रश्न संपला, पाढे सुरू झाले. हे मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं आणि विसरूनही गेलो.

ती पोर विसरली नाही. तिचा बाप बारा तासांची पाळी करून घरी यायचा आणि लूमचा सगळा आवाज जणू डोक्यात घेऊन यायचा. एका संध्याकाळी ताटावर बसल्यावर पोरीनं डोळे मिटले आणि हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "येशू, आज पप्पांना चिडू देऊ नको." एकाच खोलीचं घर, दार उघडं. शेजाऱ्यांनी ऐकलं, कुणी शिकवलं म्हणून विचारलं, आणि तिनं बाईंचं नाव सांगितलं. सकाळपर्यंत ते गल्लीभर झालं आणि दोन दिवसांत बाप चार-पाच माणसांसोबत शाळेत आला. बोलत होती ती माणसंच. तो मागे खाली मान घालून उभा होता.

संस्थेचे एक विश्वस्त तातडीनं आले. माणूस वाईट नव्हता, त्यांना फक्त गडबड नको होती. मी साक्षीदार म्हणून तिथं बसलो होतो. त्यांनी बाईंना आधी बाजूला घेऊन समजावलं होतं, की मी असलं काही बोलले नाही, मुलीनं कुठंतरी टीव्हीवर पाहिलं असेल, एवढं म्हणा. मीही म्हणालो, बाई, एका शब्दाचा प्रश्न आहे. सगळे बसल्यावर विश्वस्तांनी विचारलं, तुम्ही मुलीला येशूबद्दल काही सांगितलं का? बाई म्हणाल्या, "तिनं विचारलं, मी उत्तर दिलं. तिला माझ्या धर्मात आणायचं माझ्या मनात नव्हतं, कधी येणारही नाही. पण मी बोललेच नाही असं म्हटलं, तर ती पोर खोटी ठरते. आठ वर्षांची आहे हो ती."

त्या आठवड्यातच त्यांची बदली झाली, सचिन गावाच्या पलीकडे, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. तिथं त्यांना वर्ग नव्हता, ऑफिसचं काम होतं. बदलीचं ऐकून त्या फक्त मला म्हणाल्या, की मला त्या मुलीच्या घरी जायचंय, तुम्ही चला, तुम्हाला त्यांची अहिराणी येते. मला अजिबात जायचं नव्हतं, तरी गेलो. बापानं दार उघडलं आणि तसाच दारात उभा राहिला. आत या म्हणाला नाही. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मन्हा मनमा काहीच नई, सर. गल्लीमाना लोके बोलतस. मी एकला काय करू?" बाईंना त्याच्याकडून काही नको होतं. त्यांनी फक्त मुलीला बोलवायला सांगितलं. ती आली ती रडतच आली. आपल्यामुळे बाई चालल्या, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. बाई गल्लीतल्या ओल्या फरशीवर तिच्यापुढे खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वर्गात जे झालं ते तू घरी खरं सांगितलंस ना? मग तुझं काही चुकलं नाही. कुणी काहीही म्हणू दे." बाप हे सगळं ऐकत होता. त्यानं दार लोटलं नाही. परत येताना बाई रिक्षात डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. आपला वर्ग गेल्याचं दुःख त्यांना किती झालं होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

सचिनला त्या फार दिवस टिकल्या नाहीत. वर्गाशिवाय शाळेत त्यांना करमत नसे. मग आजार निघाला, आणि तो निघाला तेव्हा बराच पुढे गेलेला होता. मी भेटायला जायचो तेव्हा त्या आपल्या आजाराऐवजी माझ्या चौथीची चौकशी करायच्या. मुलं कमी झालीत, लोक पोरांना गुजरातीत आणि इंग्रजीत घालतात, हे मी सांगायचो नाही. त्यांना ते कळत असावं.

त्या गेल्या तेव्हा त्यांच्या चर्चमधल्या मंडळींनी भाड्याच्या एका छोट्या हॉलमध्ये प्रार्थना ठेवली होती. कधी उठायचं, कधी बसायचं, हे मला कळत नव्हतं, म्हणून मी दारापाशीच उभा होतो. बाहेर पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. त्या मुलीचा बाप होता, पाळीवर निघालेला, हातात डब्याची पिशवी. मी त्याला आत चल म्हटलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. आत पेटी आणि टाळांवर मराठी गाणं सुरू झालं. तो गावाकडे भजनात बसणारा माणूस. काही वेळ मान खाली घालून ऐकत राहिला, मग पुटपुटला, "चाल तं आपलीच शे, सर." मी हो म्हणालो. पाळीची वेळ होऊन गेली होती, तरी गाणं संपेपर्यंत तो तिथंच बसून होता.