काहूनवाले गुरुजी

उत्तर बरोबर आलं तरी धकाते गुरुजी कधी शाब्बास म्हणायचे नाहीत. मान जराशी वर करायचे आणि विचारायचे, "काहून?", म्हणजे आमच्याकडचं 'का'. उत्तर चुकलं तरी तेच. गल्लीतली पोरं त्यांना काहूनवाले गुरुजी म्हणायची, तेही तोंडावर, आणि गुरुजी ओ द्यायचे.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझा नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता. तो गेल्यावर मी क्वार्टर सोडून नागपुरात मुलाकडे राहायला आले. नात गुंजन तेव्हा नुकतीच दुसरीत गेली होती. समोरच्या घरी एक रिटायर झालेले गुरुजी दुपारी लहान पोरांना कोडी घालतात, डोकं चालतं म्हणे पोरांचं, असं सून म्हणाली आणि तिने गुंजनला पाठवलं. पहिल्याच दिवशी पोरगी रडत घरी आली. गुरुजींनी विचारलं होतं, पिंकी राजूपेक्षा उंच, राजू सोनूपेक्षा उंच, तर सगळ्यात बुटकं कोण? गुंजन म्हणाली, सोनू. गुरुजी म्हणाले, काहून? हिला वाटलं चुकलं. मग म्हणाली राजू. काहून? मग पिंकी. काहून? तिघेही संपले, पुढे नाव उरलं नाही, म्हणून रडू.

मी पदर खोचून गेले. गुरुजी खुर्चीत बसून डब्यात शेव भरत होते. पहिलं उत्तर बरोबर होतं तर तसं सांगायला जीभ झिजते काय, असं मी विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर म्हटलं असतं तं तिनं तिथंच सोडून देलं असतं, वहिनी. उत्तर तं शेजारच्या पाटीवर बी असते. काहून आपल्याच डोक्यात असते."

मी म्हटलं, आमच्या घरात काहून म्हणजे प्रश्न नसतो, धपाट्याच्या आधीची हाक असते. ते खरंच होतं. काहून सांडलं, काहून उशीर केला, काहून बोलून राहिली. याला कोणी उत्तर देत नाही. दिलं तर अजून एक बसतो.

"मले माहीत नाही काय," ते म्हणाले. "माझ्या बापाचा काहून ऐकू आला का मी मागाच्या खड्ड्यात उडी मारत होतो. म्हणून तं तोच शब्द धुऊन घेऊन राहिलो. पुस्तकातला 'का' विचारला तं पोरगं पुस्तकातलंच उत्तर देते."

मागाचा खड्डा म्हणजे विणकराच्या हातमागाखालचा, पाय सोडून बसायचा खड्डा. गुरुजींचे वडील कोष्टी, लुगडी विणायचे. तो खड्डा बुजवून वर फरशी घातली होती आणि त्याच जागी पोरं बसायची. माझंही माहेर कोष्ट्यांचंच, उमरेडचं. चौथीनंतर मला शाळेतून काढून कांड्या भरायला बसवलं, म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळायला. त्यामुळे त्या घरात गेल्यावर मला काही नवं वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गुंजनला सोडायला जाऊ लागले आणि सोडून परत यायच्या ऐवजी दाराशी बसू लागले.

त्यांची कोडी फळ्यावर नसायची, हातात असायची. एकदा तीन डबे ठेवले. एकावर लिहिलं होतं चिवडा, एकावर शेव, एकावर बर्फी. म्हणाले, तिन्ही चिठ्ठ्या खोट्या आहेत, एकही खरी नाही. एकच डबा उघडा आणि तिन्हींत काय ते सांगा. चिकू नावाचा एक फटकळ पोरगा होता, ऑटोवाल्याचा. तो म्हणाला, सगळेच उघडू ना गुरुजी, शेवटी खायचंच आहे तं. गुरुजी हसले नाहीत. पोरांनी चिवडा लिहिलेला डबा उघडला, आत शेव निघाली. शेवटी गुंजन म्हणाली, बर्फी लिहिलेल्यात बर्फी नाही, शेव तं इथं सापडली, मंग त्यात चिवडाच उरला. आणि बर्फी राहिलेल्या डब्यात. गुरुजी म्हणाले, "पटलं." त्यांच्याकडे दोनच शिक्के होते, पटलं आणि नाही पटलं. तो पटलं मिळवायला पोरं जीव टाकायची.

आणखी एक आठवतं. ऑटोत पाच पोरं आणि तीन दप्तरं आहेत, ऑटोवाल्याचं वय किती? सगळी खोली ओरडली, आठ. सगळ्यांत मोठा आवाज चिकूचा. काहून? पाच आणि तीन आठ म्हणून. गुरुजी म्हणाले, "तुझा बाप आठ वर्षाचा आहे काय गा?" पोरं लोळून हसली. चिकू लाल झाला. मग सगळ्यांनाच राग आला, की आमची फजिती करता तर खरं उत्तर सांगा. खूप वेळाने मागून एक बारीक आवाज आला, की नाही निघत. "हेही उत्तरच आहे," ते म्हणाले, "पण त्यालेही काहून लागते."

माझा मुलगा कुरकुरायचा. पाढे पाठ नाहीत आणि नुसते डबे उघडून राहिले, म्हणायचा. गुरुजींना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, पाढे शाळेत होतात, त्यासाठी माझी काय गरज?

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग गुरुजींचं डोकं विसरायला लागलं, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. येणार कसं? ज्या माणसाने जन्मभर उत्तर कधी सांगितलंच नाही, त्याला उत्तर येतं की नाही हे कोण ओळखणार? मास्तर उत्तर विसरला तर पोरं पकडतात. हे तर नुसतं काहून विचारायचे, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून गेलेला नव्हता.

मला कळलं ते त्यांच्या बघण्यावरून. पूर्वी पोरगं कारण सांगायला लागलं की गुरुजी खिडकीबाहेर बघायचे. त्यांना ते आधीच ठाऊक असायचं, म्हणून. आता ते पुढे वाकून पोराच्या तोंडाकडे बघायला लागले, शिकायला बसल्यासारखे. एकदा स्वतः भरलेला डबा उघडला आणि म्हणाले, अरे, बर्फी कोणी आणली?

त्यांची मुलगी वैशाली त्यांच्याजवळच राहायची. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. सकाळी जाई, अंधार पडल्यावर येई. मी तिला सरळ सांगितलं. तिलाही शंका होतीच, घरात गोष्टी हरवत होत्या. डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचाच आजार निघाला, वाढत जाणारा. त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, पोरांचं बंद करून टाकू. याच गल्लीत बाबाले सगळे गुरुजी म्हणतात. उद्या काही भलतंच बोलले अन् पोरं हासली, तं त्याईले कळंन. ते मले नाही पाहवणार."

तिचं खोटं नव्हतं. पण दुपार झाली की गुरुजी धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसत, दाराकडे तोंड करून. पोरं बंद केली तरी शर्ट घालणं बंद झालं नसतं. मी म्हटलं, आपण बघू तर. उत्तर ते विसरलेत. पण चुकीचं कारण त्यांना अजून पकडता येतं का, ते पाहू. पकडता येतंय तोवर ते गुरुजी आहेत. ज्या दिवशी चुकीच्या कारणाला पटलं म्हणतील, त्या दिवशी मीच पोरांना घरी पाठवीन. वैशालीला ते कबूल झालं.

शनिवारी तिला सुट्टी होती. ती आतल्या दारामागे उभी राहिली, मी तिच्याजवळ. गुंजनला मी आधीच पढवून ठेवलं होतं. गुरुजींनी कांड्यांची पिशवी घेतली. दहा लाल सुताच्या, दहा पांढऱ्या. न बघता हात घालायचा. कमीत कमी किती काढल्या म्हणजे एका रंगाच्या दोन नक्की मिळतील?

गुंजन म्हणाली, "अकरा."

"काहून?"

"दहाच्या दहा पांढऱ्याच हाती आल्या तं? म्हणून अकरा."

गुरुजी पिशवीत हात घालून कांड्या चाचपत बसले. ऐकायला तर ते कारण बरं वाटत होतं. वैशालीने माझा दंड घट्ट धरला.

"दहा पांढऱ्या आल्या म्हणतं तू," गुरुजी हळूहळू म्हणाले. "मंग त्या दहात एका रंगाच्या दोन नाहीत काय वं? नाही पटलं." आणि मग पोरांकडे बघून विचारलं, "मंग किती?"

हे विचारणं खरं होतं. त्यांना माहीत नव्हतं. चिकू म्हणाला, "तीन, गुरुजी. दोन काढल्या, एक लाल निंघाली, एक पांढरी. आता तिसरी जाईन कुठी?"

"तिसरी जाईन कुठी!" गुरुजी हसले. इतकं मोठ्याने हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. शेकडो पोरांना घातलेलं कोडं त्यांना पहिल्यांदाच सुटत होतं. वैशाली आत जाऊन चहा ठेवायला लागली.

पोरांपासून मी लपवलं नाही. लहान पोरांना खरं सांगितलं की ती ते खिशात ठेवतात आणि खेळायला लागतात. मी म्हटलं, गुरुजींच्या डोक्यातून गोष्टी निघून जाऊन राहिल्या. त्यात हसायचं काही नाही. चिकू म्हणाला, मंग तं कालचाच प्रश्न आज चालते, अभ्यासच नाही. तेवढंच.

मग पोरांनी खेळच केला. दर वेळी कोणीतरी एक जण मुद्दाम चुकीचं कारण द्यायचा, आणि गुरुजींनी ते पकडायचं. सोपं चुकीचं गुरुजी लगेच पकडत. म्हणून पोरं घरी बसून असं चुकीचं शोधायला लागली, की जे खरं वाटेल. गुंजन जेवताना हात थांबवून विचार करत बसे. खऱ्या कारणाला एवढी मेहनत लागत नाही, हे मला तिच्याकडे बघून कळलं. चांगलं चुकीचं रचायचं तर आधी बरोबर कुठून जातं ते पूर्ण ठाऊक असावं लागतं. तिच्या बापाची कुरकुर तेव्हापासून थांबली.

ते हिवाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. कूलरवर पाणी टाकायचे दिवस होते. गुरुजी त्या दुपारी थकलेले दिसत होते, म्हणून चिकूने जुनंच, सोपं चुकीचं काढलं. कांड्या अकरा, कारण दहाही पांढऱ्या येऊ शकतात.

गुरुजी म्हणाले, "पटलं."

चिकू माझ्याकडे बघायला लागला. मग तोच म्हणाला, "गुरुजी, मी चुकीचं सांगतलं."

"काहून?"

चिकूने पिशवी उपडी केली, कांड्या मांडल्या आणि सगळं समजावलं. त्याने इतकं सावकाश बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पटलं." आवाज तोच, चेहरा तोच.

मी पोरांना बाहेर गल्लीत काढलं आणि सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

"काहून?" चिकू म्हणाला.

मी कारण दिलं. ठरलं होतं तसं. आता त्यांना चूक-बरोबर कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो शिकवणार कसा?

चिकू पायातली चप्पल घासत उभा राहिला. "पण आमाले तं कळते ना, आजी. चूक आमी पकडू. गुरुजी नुसते बसतीन." मग गुंजनकडे बघितलं, तिने मान हलवली, आणि तो म्हणाला, "नाही पटलं."

मी दुसरं कारण शोधलं. समोरच्या दारापासून माझ्या दारापर्यंत शोधलं. सापडलं नाही.

रात्री वैशाली आल्यावर तिला दोन्ही सांगितलं. गुरुजी आज चुकले, आणि पोरं उद्या येतील. ती म्हणाली, "काकू, तुम्हीच तं म्हटलं होतं का बंद करू."

"म्हटलं होतं. पोरांले नाही पटलं."

ती खुर्चीवर टेकली. मग उठून उद्यासाठी डब्यात शेव भरायला लागली.

गुरुजी पुढच्या थंडीत गेले. तोवर पोरं येत होती. प्रश्न चिकू घालायचा, काहून गुंजन विचारायची. गुरुजी मधे बसून, जो बोलत असेल त्याच्या तोंडाकडे बघायचे. कारण सांगून झालं की पोरं त्यांच्याकडे वळायची आणि ते प्रत्येकाला म्हणायचे, पटलं. कोणालाच सोडलं नाही त्यांनी. ते म्हणून झालं की पोरांचा खरा वाद सुरू व्हायचा, आणि तो मग अंधार पडेपर्यंत मिटायचा नाही.