टेकडीवरची इंग्रजी घरं

भानुमती मूळची पुण्याची. वास्तुकला शिकून ती पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका जुन्या दगडी घरांच्या ओळीने तिला वेड लावलं. मधाच्या रंगाच्या चुनखडीची ती घरं दोनशे वर्षं एकमेकांना खांदा लावून उभी होती. समोरून सगळी ओळ एखाद्या राजवाड्यासारखी एकसंध, मागच्या बाजूला मात्र ज्याने त्याने हवी तशी वाढवलेली. दोन घरांत भिंत एकच, आणि दोघांची धुराडी त्याच भिंतीतून वर गेलेली. भानुमतीने शिडीवर चढून एकेक खिडकी मोजली. शिडी धरायला असायचा केन, तिच्यासोबत शिकणारा जपानी मुलगा. पुढे त्याच्याशी लग्न करून ती तोक्योला आली. तिथल्या कोतो भागात संसार मांडला, अनया झाली.

नव्वदच्या सुमारास एका बांधकाम कंपनीच्या मालकाला तोक्योजवळच्या चिबातल्या एका टेकडीवर तशीच ओळ उभारायची हुक्की आली. काम साहजिकच त्याच्याकडे नोकरीला असलेल्या भानुमतीकडे आलं. भूकंपाच्या देशात नुसत्या दगडाचं घर चालणार नव्हतं, म्हणून आत काँक्रीट आणि बाहेर दगड असं ठरलं. पण दगड इंग्लंडचाच हवा, धुराडी खरी हवीत, वरच्या मजल्यांवर खिडक्यांची उंची कमी होत गेली पाहिजे, यावर ती अडून बसली. ऑफिसात तिला तोंडावर भानू-सान म्हणत आणि पाठीमागे हट्टी.

टोकाचं पहिलं घर ओकामोतो नावाच्या निवृत्त शिक्षकांनी आणि त्यांच्या बायकोने घेतलं. ओकामोतोबाईंना म्हातारपणच्या एकटेपणाची धास्ती होती. भानुमतीने त्यांना नकाशा दाखवून सांगितलं की अशा ओळीत कुणी एकटं राहत नाही, भिंतीपलीकडे कायम माणूस असतं.

ते घर पुरं झालं, शेजारच्याचा पाया भरला, आणि कंपनी बुडाली. मजूर निघून गेले. खरं तर दोन घरांच्या मध्ये झाकली जायची ती भिंत उघडी पडली. शेजारघरासाठी कोरलेले शेकोट्यांचे कोनाडे तिच्यावर अधांतरी दिसू लागले. पाऊस झेलायला ती भिंत केलेलीच नव्हती. ओल आत शिरली, बैठकीच्या खोलीला बुरशी धरली. भानुमती रविवारी ताडपत्री बांधायला जायची आणि वादळ आलं की ती फाटायची. केन आधी सोबत यायचा, मग यायचा थांबला. उरलेलं काम कुणी पुरं करावं म्हणून ती कितीतरी कंपन्यांत गेली. सगळीकडे चहा मिळाला, नम्रपणे वाकून निरोप मिळाला. दुसऱ्या हिवाळ्यात ओकामोतो गुरुजी न्यूमोनियाने गेले.

मग कोबेचा भूकंप झाला. कोसळलेली घरं टीव्हीवर पाहून सगळा देश हादरला होता. महिनाभराने नगरपालिकेची माणसं टेकडीवर आली आणि म्हणाली की ओळीतून सुटून एकटं उभं असलेलं हे घर धोक्याचं आहे, पाडावं लागेल. भानुमतीने हिशेब मांडून दाखवले, शेजारी नुसता सांगाडा उभारला तरी पुरे म्हणून विनवलं. तो कोण उभारणार, असं त्यांनी विचारलं. पाडायची तारीख ठरली.

सामान बांधायला ती ओकामोतोबाईंकडे गेली. दोघी बराच वेळ बशा कागदात गुंडाळत बसल्या.

"तुमच्यावर राग नाही माझा," बाई म्हणाल्या. "पण हे गेल्यापासून मी त्या भिंतीला कान लावून बसायचे. पलीकडे नुसता वारा."

भानुमतीने माफी मागितली. बाईंनी पुढची बशी तिच्या हातात दिली.

घर पाडताना दगड निदान राखून ठेवा म्हणून तिने सांगून ठेवलं होतं. कंत्राटदाराने ते खाली रस्त्याच्या भरावात घातले. ओकामोतोबाई भाचीकडे ओसाकाला गेल्या आणि वर्षभरात त्यांचं पत्र येणं बंद झालं.

भानुमती एका अपार्टमेंट कंपनीत लागली. तिथे ती न्हाणीघरांचे नकाशे काढते, सगळ्या मजल्यांवर एकाच मापाचे. एकदा शाळेतून आलेल्या अनयाने जपानीत विचारलं, "आई, तू बांधलेलं घर कुठे आहे?"

"मी नाही बांधलं कुठलं," भानुमती मराठीत म्हणाली.

अनयाला तेवढं मराठी कळत होतं.